दोन घरं, मंजूर एक

काळेवाडी,
गुरुवार, कंपनीच्या सुट्टीचा दिवस

ती. दौलतमामा यांस,

काळेवाडीहून अनिशचा वाकून नमस्कार. इकडे आई, मी आणि आईचं ब्लड प्रेशर असे तिघंही बरे आहोत. तुमची तब्येत, मामींचा गुडघा आणि तुमचा डावा कान कसा आहे ते कळवावं. (उजव्या कानाबद्दल विचारत नाही. त्याच्याकडून आता कुणाच्याच काही अपेक्षा नाहीत.) आजकाल पत्र कोण लिहितं, असं तुम्ही पाकीट हातात घेताच म्हणाल. फोन करता आला असता. पण जे काही झालं आहे ते फोनमुळेच झालं आहे, आणि पुन्हा फोनवर निस्तरायला गेलो तर त्यात आणखी एखाद्या घराची भर पडेल अशी मला भीती वाटते. म्हणून कागद. आमच्या हनीफभाईंचा मेहुणा अजिम उद्या टेम्पो घेऊन भोरला येतो आहे, त्याच्या हाती हे देतो. त्याला चहा द्यावा. या पत्रातून मला तुमच्याकडे काही मागायचं नाही. झालेली हकिगत तुमच्या कानावर न घालता डोळ्यांखाली घालावी, एवढाच हेतू आहे.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुम्ही गावात सगळ्यांना मी 'कंपनीत घड्याळं बघतो' असं सांगता. ते अगदीच चूक नाही. महाळुंग्याच्या कंपनीत मी तपासणी खात्यात आहे आणि माझ्या हातातलं डायल दिसतं घड्याळासारखंच: गोल तबकडी, एक काटा, कडेने बारीक रेघा. फरक इतकाच की घड्याळ आपलं आपण चालतं आणि डायल कुणी ढकलल्याशिवाय हलत नाही (या बाबतीत ते आमच्या साहेबांवर गेलं आहे). त्याच्या खालून काडेपेटीतल्या काडीहून बारीक असं एक टोक बाहेर आलेलं असतं. ते शाफ्टच्या, म्हणजे मशीनमधल्या फिरत्या दांड्याच्या, अंगाला टेकवायचं आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवायचा. शाफ्ट कुठे वाकडा असेल तर टोक ढकललं जातं आणि काटा सरकतो. तबकडीवरच्या दोन रेघांमधल्या जागेला आमच्या शॉपमध्ये घर म्हणतात. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तुमच्या मिशीचा एक केस आडवा ठेवायचा म्हटला तरी आठ-दहा घरं लागतील. आमच्या शाफ्टला ड्रॉइंगमध्ये एक घर मंजूर आहे. काटा त्याहून जास्त हलला की शाफ्ट नापास. बाहेरच्या जगात घर आणि मंजूर या दोन शब्दांचा अर्थ वेगळा होतो हे मला माहीत होतं, पण कंपनीच्या गेटातून आत शिरताना मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात तसा तो अर्थही माझ्या डोक्यात बंद होतो.

आता त्या दिवसाचं. तुम्ही फोन केलात तेव्हा मी ग्राइंडिंग मशीनपाशी उभा होतो. मशीन चालू होतं, म्हणजे कानात काय परिस्थिती असते ते तुम्हाला मी सांगायला नको. एका हातात शाफ्ट, दुसऱ्या हातात डायलचा स्टँड, आणि फोन खांदा व कान यांच्यामध्ये दाबलेला. तुमच्याकडे तुमचे शाळासोबती उद्धवराव बसले होते, त्यांच्या मुलीसाठी माझं स्थळ तुम्ही सुचवलं होतं, आणि फोन स्पीकरवर होता, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. मला तुमचं 'हॅलो' ऐकू आलं आणि नंतर बराच वेळ नुसती मशीनची घरघर. पुढे तुम्ही, 'पाहुणे बसलेत, घराचं काय सांगू?' असं विचारलंत म्हणे. नेमक्या त्याच वेळी मशीनवरच्या हनीफभाईंनी मला विचारलं, "किती घरं, अनिशभाऊ?" मी त्यांना म्हणालो, "दोन घरं. मंजूर एकच आहे. दुसऱ्याचं बघू काय करायचं ते, एवढ्यात बाहेर बोलू नका." तुम्ही म्हणालात, "बरं, बरं, समजलं," आणि फोन ठेवलात. मी कामात आहे हे ओळखलंत म्हणून मला तुमच्या समजूतदारपणाचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला 'दोन घरं, मंजूर एकच, बाहेर बोलू नका' एवढं ऐकल्यावर आणखी काही विचारावं लागत नाही. नकाशा पास न करता वर चढवलेला मजला किंवा गुंठाभर जागेत रातोरात उठलेल्या खोल्या, असं काहीतरी प्रत्येकाच्या नात्यात असतंच. उद्धवराव तर बांधकाम परवानग्यांच्या टेबलावरच निवृत्त झालेले. त्यांना वाटलं, मुलाने अनधिकृत का होईना पण दुसरं घर केलं आहे, आणि भिडस्त असल्यामुळे त्याचा बोभाटा नको म्हणतो आहे. त्यांना माझा भिडस्तपणा आवडला. तुम्ही त्यांना सांगितलंत की ते महाळुंग्यालाच असणार, पोराची सगळी ऊठबस तिथेच आहे. (यात दोष कुणाचाच नाही असं आई म्हणते. म्हणजे तुमचाच आहे, पण ती तुमची बहीण आहे.)

मुलगी बघायला गेल्या गुरुवारी आई आणि मी चिंचवडला त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलो. पोहे झाले, आईने पोह्यांचं आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी आईच्या साडीचं कौतुक केलं. मग उद्धवरावांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, दोनाचं कळलं आम्हाला, मंजूर एकच आहे ना? मी चकित झालो. पण फोन तुमच्याकडे स्पीकरवर असतो हे आठवलं आणि वाटलं, गृहस्थांनी शाफ्टचं ऐकलेलं दिसतंय. मी म्हटलं, हो, एकच. मग दुसऱ्याचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी सरळ सांगितलं की ग्राहकाची सही मिळाली तर आहे तसं चालून जाईल, नाही तर तेवढं उतरवावं लागेल. (शाफ्टवरचा धातू आम्ही उतरवतो. लोक घरंही उतरवतात हे मला त्या क्षणी सुचलं नाही.) उद्धवरावांच्या चेहऱ्यावर खरा कळवळा दिसला. म्हणाले, उतरवायची वेळ येऊ देऊ नका, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो, दंड किती बसेल? मी म्हटलं, दंड वगैरे काही नाही, नुसती सही. नुसत्या सहीवर नियमित होतंय हे ऐकून त्यांनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं माझ्याकडे पूर्वी कुणी पाहिलेलं नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मामा, माझ्या कामाबद्दल इतक्या आस्थेने आजवर कुणी विचारलं नव्हतं. आईला वाटतं मी सुपरवायझर आहे, शेजाऱ्यांना वाटतं मी मीटर रीडिंग घेतो. त्यामुळे त्यांनी महाळुंग्याला कसं काय आहे असं विचारल्यावर मी आमच्या मोजमापाच्या खोलीचं मोकळेपणाने वर्णन केलं. खोली एकच आहे, पण एसी चोवीस तास चालू असतो. खाली अख्खा ग्रॅनाइट, त्यावर केसाएवढाही चढउतार नाही. बाहेरची चप्पल आत चालत नाही, उन्हाची तिरीप आत येत नाही, दार आपोआप लागतं. उद्धवरावांनी आतल्या खोलीकडे बघून सौभाग्यवतींना ग्रॅनाइट हा शब्द पुन्हा सांगितला. आईने हातातला चहाचा कप न पिता खाली ठेवला, ते माझ्या लक्षात आलं.

मग आम्हा दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. तिथे वॉशिंग मशीन होतं आणि त्याच्या दोन बाजूंना आम्ही उभे राहिलो. अरुंधती भोसरीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. आमच्यासारख्या कंपन्यांची डायलं वर्षातून एकदा तिच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायला जातात. म्हणजे मी शाफ्टच्या चुका काढतो आणि ती माझ्या डायलच्या काढते. छंद, आवडता पदार्थ वगैरे काही न विचारता ती म्हणाली, "ती दोन घरं शंभराव्या भागाच्या डायलवरची होती की हजाराव्या?"

मी शंभराव्या म्हटलं. ती म्हणाली, "वाटलंच मला. बाबांना वाटतंय तुमचे दोन फ्लॅट आहेत." आणि तिने मला तुमच्या ओट्यावर काय ऐकलं गेलं इथपासून ग्रॅनाइटपर्यंतचं सगळं शांतपणे, इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं. मी वॉशिंग मशीनला धरून उभा राहिलो. तुम्हाला आधीच कळलं होतं तर तुम्ही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्हाला बोलावलंच नसतं, आणि स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत नापास मालाची माहिती देणारा माणूस दिसतो कसा, ते मला बघायचं होतं. मी दिसतो कसा यावर तिने काही मत दिलं नाही. पण विचारलं, "टोक किती तिरकं लावलं होतं?"

या प्रश्नाने मला जे झालं ते लिहिणं कठीण आहे. या डायलचं टोक पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, आडवं टेकवायचं असतं. ते जितकं उभं कराल तितका काटा खोटं बोलतो आणि जास्तच दाखवतो. ही आमच्या धंद्यातली पहिल्या आठवड्यात शिकवायची गोष्ट आहे, आणि मी खांद्यावर फोन, मान वाकडी, स्टँड एका हाताने धरलेला, अशा अवस्थेत टोक कसं लावलं होतं ते मला लख्ख आठवलं. साठ अंश तरी असेल, मी म्हटलं. "साठला एकाची दोन दिसतात," ती म्हणाली. "तुमचा शाफ्ट चांगला आहे." म्हणजे मामा, माझी ती दुसरी वास्तू डायलवरसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी टोक आडवं लावून तो सगळा माल पुन्हा मोजला. एक घर. हनीफभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं (एरवी साहेब आले तरी करत नाहीत), मग उरलेली भानगड ऐकून डोक्याचा रुमाल काढून घाम पुसला. हनीफभाईंचा स्वभाव असा की कुणाची अडचण दिसली की आधी ती स्वतःच्या अंगावर घ्यायची आणि विचार नंतर करायचा. म्हणाले, "टेन्शन नका घेऊ ना राव. आपल्या दुकानावरची खोली हाय महाळुंग्यातच. पाहुणे बघायला आले की एक दिवस तुमची. ग्रॅनाइट नाय, पण कडप्पा हाय." संध्याकाळी मी त्यांच्या घराजवळून गेलो तर त्यांच्या बायकोने, हसीनाभाभींनी, त्या खोलीचे पडदे धुऊन दोरीवर घातले होते आणि भिंतीवरचं उर्दू कॅलेंडर काढून ठेवलं होतं, पाहुण्यांना शंका नको म्हणून. मी दोघांचे मनापासून आभार मानले आणि हे माझ्याने होणार नाही असं सांगितलं. हसीनाभाभी म्हणाल्या, पडदे तरी स्वच्छ झाले.

आईचं प्रकरण वेगळंच आहे. तिला वाटतं मी तिच्यापासून एक घर लपवलं. घर म्हणजे दोन रेघांतली जागा, हे मी तिला घरातलंच घड्याळ खाली काढून समजावलं. तिचं म्हणणं, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चोवीस तास एसी कसा बसतो? तो वेगळा, ती खोली वेगळी, असं मी म्हटलं. "म्हंजी खोली हाय," ती म्हणाली. "मग तिथं राहतं कोण, तेवढं सांग." मी म्हटलं, डायलं राहतात. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलते, आणि काल शेजारच्या सोजरबाईंना हलक्या आवाजात विचारत होती की डायल हे मुलीचं नाव असतं का. तुम्ही तिचे थोरले भाऊ आहात, तुमच्या शब्दाला ती मानते, पण मी तुम्हाला तसदी देत नाही.

इथपर्यंत गंमत होती. काल उद्धवरावांचा फोन आला. रविवारी सकाळी ते सौभाग्यवतींना घेऊन आमच्याकडे येत आहेत. आधी काळेवाडीचं बघू आणि मग महाळुंग्याचं, असं म्हणाले. मी रजा टाकली आहे. त्यांना दोन घरं मिरवायला हवी आहेत असं मी समजत होतो, पण तसं नाही. ते स्वतःच सांगत बसले. जन्मभर बदल्या झाल्या, कधी क्वार्टर तर कधी भाड्याच्या खोल्या. अरुंधतीच्या दर वाढदिवसाला तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलने उंचीची खूण करायचे, आणि बदली झाली की चौकट तिथेच राहायची. "तिची उंची सगळ्या जिल्ह्यात पसरली आहे," असं म्हणून ते हसले. हसणं जरा लांबलं. मग म्हणाले, एक गेलं तर पोरीला दुसरं असावं, एवढंच, बाकी मला काही नको. मी 'हो' म्हणालो. मी ते का म्हणालो मला माहीत नाही. मोजमापाच्या माणसाने अशा वेळी फोनवर नुसतं 'हो' म्हणू नये.

त्यांना सांगायचं कुणी, यावर अरुंधतीशी माझं एकदा बोलणं झालं. ती म्हणाली, तुम्ही सांगा. मी सांगितलं तर बाबांना वाटेल मी तुमच्या बाजूची झाले, आणि मग मला नाही म्हणता येणार नाही. तिचा मुद्दा मला पटला आणि त्याचा मी फार वेळ विचार करत बसलो. आपलं काळेवाडीचं घर तुम्ही पाहिलेलं आहे. दोन खोल्या, बाबांनी ओव्हरटाइम करून बांधलेल्या, मागे मोरी, वर पत्रा नाही, स्लॅब आहे. नकाशा पास आहे. दाखवायला माझ्याकडे तेवढंच आहे. सांगितल्यावर ते उठून जातील किंवा जाणार नाहीत. स्थळं येतात आणि जातात, मी या सगळ्याकडे तटस्थपणे बघतो, हे तुम्हाला माहीत आहेच.

मामींना नमस्कार सांगावा आणि गुडघ्याला गरम पाण्याचा शेक चालू ठेवा म्हणावं. हे पत्र इतर कुणाला वाचून दाखवू नये, विशेषतः मोठ्याने, कारण तुमचं मोठ्याने वेशीपर्यंत जातं.

तुमचा भाचा,
अनिश

ता. क. – काही मागायचं नाही असं वर लिहिलं आहे, ते पत्राच्या सुरुवातीला लिहायचं म्हणून लिहिलं. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने तुम्ही इकडे या. रविवारी उद्धवरावांसमोर मी बोलेन, तुम्ही नुसतं शेजारी बसायचं आहे. बोलायचं नाही. त्यांनी काही विचारलं तरी माझ्याकडे बोट दाखवायचं. येणार असाल तर अजिमला तसं तोंडी सांगा, फोन करू नका.

ता. क. दुसरा – हनीफभाईंना मी नाही म्हणालो हे खरं आहे, पण जाताना त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली, असू द्या म्हणाले, आणि मी ती परत केलेली नाही. ती माझ्या शर्टाच्या खिशात आहे. आज सुट्टी असून मी दोनदा महाळुंग्याला जाऊन ती खोली बघून आलो. पडदे छान दिसतात. मी तिथे उभा राहून 'हे आमचं दुसरं' असं म्हणून पाहिलं आणि आवाज अजिबात कापला नाही. मामा, मी कामावर एका घराचं खोटं कधी लिहिलेलं नाही, पण ती मुलगी मला हवी आहे. इतकी हवी आहे की रविवारी मी एकटा असलो तर काय बोलेन याची मला खात्री नाही. म्हणून तुम्ही या. तुमच्या देखत माझ्याने खोटं बोलवणार नाही.